वाचनालयाचं संकेतस्थळ: पान उघडायला अर्धं मिनिट, आणि स्क्रीन रीडर वाचतो 'ई जे के बी एच'

अंत्रुज_वाचक

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ सांभाळायला घेतलंय. माल थोडाच: नऊएक हजार पुस्तकांची यादी, कार्यक्रमांच्या सूचना, सभासद अर्ज आणि वार्षिक अहवाल. सभासद सांगे, वाळपईपर्यंत पसरलेले आहेत. बहुतेक जण स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर बघतात आणि धारबांदोड्याच्या आतल्या वाड्यांवर पावसात डेटा अक्षरशः रांगतो.

सध्याची अवस्था अशी. पहिल्या पानावर पाच फोटो फिरतात, प्रत्येक ४ एमबीच्या आसपास, कॅमेऱ्यातून काढले तसे चढवलेले. सूचना म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या पोस्टरचे फोटो. ग्रंथयादी पूर्वी कोणीतरी कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केली होती. ती तशीच एका पानावर आहे, सगळी एकदम उतरते, आणि शोधाच्या चौकटीत युनिकोडमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या मराठी कळफलकानं, काहीही टाकलं तरी 'पुस्तक सापडले नाही' एवढंच उत्तर येतं. अहवाल स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत. दोन दृष्टिहीन सभासद एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम, वापरतात. त्यांना 'मराठी' या शब्दाच्या जागी 'ई जे के बी एच' ऐकू येतं.

समितीचं म्हणणं, 'ते व्हीलचेअरचं चित्र असलेलं बटण लाव, अक्षर लहान-मोठं करता आलं की झालं.' मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. पैसे जवळपास नाहीतच. पुढे कोंकणीही घालायची आहे, देवनागरी आणि रोमी (रोमन लिपीतली) दोन्ही. हात कुठून घालू?

---

मानशी

आधी कृतीदेव. बाकी सगळं नंतर.

'ई जे के बी एच' ही स्क्रीन रीडरची चूक नाही. फाइलमध्ये खरोखर तीच पाच रोमन अक्षरं आहेत. कृतीदेव फाँट त्यांच्यावर म, र, काना, ठ, वेलांटी अशी चित्रं चढवतो, म्हणून डोळ्यांना 'मराठी' दिसतं. वाचणारं यंत्र, गूगल आणि तुमची शोधाची चौकट, तिघांनाही खालची रोमन अक्षरंच दिसतात. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी, शोध लागत नाही आणि दृष्टिहीन सभासदाला वाचता येत नाही, या मुळात एकच आहेत.

युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण आंधळेपणानं चालवू नका. ऱ्हस्व वेलांटी कृतीदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा. कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी गडबडला की 'स्थिती'ची वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. त्यामुळे बदलल्यावर 'कीर्ती', 'स्थिती', 'आर्द्रता', 'शक्तिपीठ' अशा शब्दांच्या ओळी वेगळ्या काढून डोळ्यांखालून घाला.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. बरेच कन्व्हर्टर 'आ' हे एक अक्षर न देता 'अ' आणि वर काना अशी दोन चिन्हं देतात. 'ओ'चंही तेच: अ अधिक मात्राकाना. पडद्यावर फरक कळत नाही, शोधात मात्र 'आरती प्रभू' कधीच सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, हे दुरुस्त करत नाही. हाती शोधा-आणि-बदला चालवावं लागतं.

तिसरं: मूळ एक्सेल फाइल हातात असेल तर सीएसव्ही करण्याआधी थांबा. एक्सेलमध्ये कुठल्या खान्याला कुठला फाँट आहे ही नोंद असते, सीएसव्हीत ती पुसली जाते. इंग्रजी नावं, किमती, आयएसबीएन यांचे खाने कन्व्हर्टरमधून गेले की त्यांची खिचडी होते. फाँट कृतीदेव असलेले खानेच तेवढे बदला.

आता वेग. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. १ एमबीपीएस मिळत असेल तर एका फोटोला ३२ सेकंद, पाचांना १६० सेकंद. तुमचं अर्धं मिनिट पहिल्याच फोटोत गेलं. सर्व्हर, प्लगइन, होस्टिंग यांना दोष देण्याआधी हे काढा. फिरते फोटो पूर्ण काढून एकच ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत कोणी थांबत नाही, आणि आपोआप सरकणारी वस्तू थांबवायची सोय नसेल तर तीच एक वेगळी अडचण. १२०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूप, दर्जा ७५ ठेवला तर फोटो साधारण १०० ते २०० केबीत बसतो. फोनसाठी ४८० आणि ८०० रुंदीच्या प्रती काढून सोर्ससेटमध्ये द्या, म्हणजे फोन आपल्या मापाची प्रत उचलतो.

फोटो बारीक करताना होणारी एक नेहमीची गफलत: फोनच्या उभ्या फोटोत 'हा नव्वद अंशांत फिरवून दाखवा' अशी सूचना फोटोच्याच फाइलमधल्या एक्झिफ नोंदीत असते. काही साधनं, सीवेबपी त्यातलंच, ती नोंद टाकून देतात पण फोटो फिरवत नाहीत. मग अध्यक्ष आडवे झोपलेले दिसतात. इमेजमॅजिक वापरत असाल तर ऑटो-ओरिएंट हा पर्याय आधी द्या. एक्झिफ गेली की फोटो कुठे काढला त्याचं ठिकाणही जातं, ते चांगलंच.

प्रत्येक इमेज टॅगला विड्थ आणि हाइट लिहा, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली घसरत नाही. लोडिंग-लेझी (वाचक जवळ आला की मगच उतरव) खालच्या फोटोंना द्या. पहिल्या मोठ्या फोटोला दिलंत तर तोच उशिरा येईल.

पोस्टरचं म्हणाल तर पोस्टर टाका, पण मजकूर पानावर लिहा. आत्ता आल्ट, म्हणजे फोटोऐवजी वाचला जाणारा मजकूर, रिकामा नसून अजिबातच नसेल, तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचतो, 'आयएमजी डॅश दोन शून्य दोन चार...' असं शेवटपर्यंत. एका सूचनेला एवढं पुरतं: मथळ्याच्या टॅगमध्ये कार्यक्रमाचं नाव, खाली एका ओळीत वार-तारीख-वेळ, एका ओळीत जागा, एका ओळीत वक्ते. त्याखाली पोस्टर, आणि त्याचं आल्ट 'व्याख्यानमालेचं पोस्टर, तपशील वर दिला आहे'. आल्टमध्ये अख्खं पोस्टर कोंबू नका. आल्टच्या मजकुरात मथळे नसतात, दुवे नसतात, आणि डोळस माणसाला तो कॉपीही करता येत नाही. पानावर लिहिलेल्या चार ओळी एक केबीही भरत नाहीत आणि फोटो उतरण्याआधी येतात.

---

फाँटांचा_नाद

मानशींनी मूळ पकडलं. मी अक्षरांपुरतं बोलतो.

वेबफाँट घालूच नका. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजवर ८ पासून निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी. तिन्ही नीट वाचता येतात आणि उतरवायला शून्य बाइट लागतात. फाँट-फॅमिलीत एवढं 'सिस्टिम-यूआय, सान्स-सेरिफ' लिहून मोकळे व्हा.

समितीला ठरावीक वळणच हवं असेल तर एकच फाँट, एकच जाडी, डब्ल्यूओएफएफ२ स्वरूपात, फाँट-डिस्प्ले स्वॅप. आणि फाँट कापून लहान करताना सांभाळून. पायएफटीसबसेटला नुसती ०९०० ते ०९७एफ ही मालिका देऊन भागत नाही. २००सी आणि २००डी हे दोन अदृश्य जोडक, रुपयाचं चिन्ह २०बी९ आणि ठिपक्यांचं वर्तुळ २५सीसी हेही द्या, आणि लेआउट-फीचर्सला तारांकन द्या. वैशिष्ट्यं कापली गेली तर जोडाक्षरांची घडणच मोडू शकते, 'क्ष'चा पाय मोडलेला क आणि शेजारी सुटा ष होतो.

मांडणीत इंग्रजीची मापं चालत नाहीत. लाइन-हाइट १.२ ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. १.६ ते १.८ ठेवा. अक्षर १८ पिक्सेल, पण लिहिताना रेममध्ये, म्हणजे ज्यानं फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलंय त्याला ते मिळेल. लेटर-स्पेसिंग शून्य. तयार थीममध्ये मथळ्यांना ०.०५ एम वगैरे दिलेलं असतं, त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताळ दिसतो. वर्ड-ब्रेकला ब्रेक-ऑल कधीही नको. इटॅलिक नको, देवनागरीचा खरा इटॅलिक सहसा नसतो, ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलतं करतो.

दुव्याखालची रेघ 'कु', 'कृ', 'द्धृ' यांना चिरत जाते. म्हणून लोक ती काढून टाकतात आणि नुसता रंग ठेवतात, जो रंगांधळ्याला दिसत नाही. रेघ काढू नका, टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ एम करा.

रंग: मंदिर-मंडळांच्या पानांवर असतो तो भगवा, एफएफ९९३३, पांढऱ्यावर जेमतेम २.१ पट उठाव (कॉन्ट्रास्ट) देतो. मजकुराला ४.५ लागतो, मोठ्या ठळक मथळ्याला ३. करडा ९९९९९९ हाही २.८५ वर आहे, म्हणजे नापास. ७६७६७६ हा पांढऱ्यावर उत्तीर्ण होणारा शेवटचा करडा समजा. भगवा ठेवायचाच तर पट्टीला ठेवा आणि त्यावर काळी अक्षरं लिहा.

आणि एचटीएमएल टॅगवर लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारा गुणधर्म. बऱ्याच मराठी पानांवर थीमबरोबर आलेलं 'ईएन' तसंच पडलेलं असतं, मग वाचक-यंत्र इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातं आणि गप्प होतं किंवा 'लेटर, लेटर' करतं. 'एमआर' लिहा. फाँटात सोय असेल तर याच एका गुणधर्मामुळे ल आणि श हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात. हा माझा आवडता फुकटचा फायदा.

---

खाजन_बांध

ग्रंथयादीबद्दल.

नऊ हजार नोंदी, एक नोंद ३०० बाइट धरली तर २.७ एमबी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातं, हे लक्षात घेऊनच धरलंय. ब्रॉटली या आकुंचन-पद्धतीनं लहान होईल बरंच, पण खरा जाच उतरल्यावर: नऊ हजार ओळींचं कोष्टक रचताना स्वस्त फोन काही सेकंद गोठतो, टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू असेल तर आणखी. शोध सर्व्हरवर घ्या. साधा फॉर्म, गेट पद्धत (शोधाचे शब्द पानाच्या पत्त्यातच येतात), एका पानावर २५ निकाल. गेटमुळे शोधाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, मागे जायचं बटण चालतं, आणि जावास्क्रिप्ट अर्ध्यात अडकली तरी काम होतं. निकालाची संख्या पानाच्या शीर्षकात घाला: 'नाटक, १४३ पुस्तकं, पान १'. स्क्रीन रीडर पान उघडताच शीर्षक वाचतो, म्हणजे शोध लागला की नाही ते तिथेच कळतं.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरे. पण त्यातली शब्दशोधाची सोय, एफटीएस५, घेतलीत तर एक घोटाळा ठरलेला आहे. मजकुराचे शब्द पाडणारा त्याचा नेहमीचा युनिकोड६१ तोडणारा फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानतो. काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये 'चिन्ह' वर्गात येतात, त्यांना तो शब्द संपल्याची खूण समजतो. 'वाचनालय'चे तुकडे पडतात 'व', 'चन', 'लय'. मग 'मेला' शोधलं की 'माला' आणि 'मुला'ही येतात, आणि माणूस म्हणतो मराठी शोध असाच असतो. तक्ता बनवताना कॅटेगरीजमध्ये एल-तारा, एन-तारा, सीओ यांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे चिन्हांचे दोन वर्ग द्या. आधी तक्ता बनवून झाला असेल तर पुन्हा बनवावा लागेल, नुसती सेटिंग बदलत नाही. खरं सांगायचं तर नऊ हजार ओळींना साधं 'लाइक' चालतं, एफटीएसची गरजच नाही.

खरी मेहनत शोधरूपाच्या रकान्याची. नाव जसं छापलंय तसं एका रकान्यात, आणि शेजारी त्याचं सपाट केलेलं रूप. शोधणाऱ्याच्या शब्दालाही तेच नियम लावायचे. क्रम महत्त्वाचा:

आधी एनएफसी. मग २००सी आणि २००डी काढून टाका. मग ऱ चा र करा. कारण 'दुसऱ्या' हा शब्द लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात: कोणी ऱ, हलन्त, य, तर कोणी र, हलन्त, अदृश्य जोडक, य. दिसायला तंतोतंत एक, बाइटांत वेगळे. दोन्ही 'दुसर्या' झाले की जुळतात. याची किंमत अशी की 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या'ची पुस्तकंही दिसतील. शोधात ते चालतं. पडद्यावर मात्र मूळ रकानाच दाखवा, नाहीतर दऱ्याखोऱ्यांचा समुद्र होईल.

पुढे: 'अ' अधिक चंद्र याचा 'ॲ'. मानशी म्हणतात त्या अ-कान्याचा 'आ', अ-मात्राकान्याचा 'ओ'. देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे. त, थ, द, ध यांच्या आधीचा हलन्त न असेल तर अनुस्वार, म्हणजे 'गोमन्तक' आणि 'गोमंतक' एक होतील. गोव्यात हा नियम विसरलात तर दुसऱ्याच दिवशी फोन येईल.

जुन्या पुस्तकांसाठी आणखी एक थर. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या नावांत 'कवि', 'कांहीं', 'गांव' असतं. शब्दाच्या शेवटची ऱ्हस्व वेलांटी आणि उकार दीर्घ करा. अनुस्वार पूर्ण काढलेलं आणखी एक रूप तिसऱ्या रकान्यात ठेवा, पण त्यावर जुळलेले निकाल खाली लावा. सरसकट काढले तर 'चिंता' आणि 'चिता' एका रांगेत बसतील.

---

अंत्रुज_वाचक

देव बरें करूं. तपासलं, अ-काना खरंच निघाले, चारशेवर ओळींत. डोळ्यांना एकही दिसला नव्हता.

आता तीन गोष्टी राहिल्या: अर्ज, त्या बटणाचं काय सांगू, आणि कोंकणी.

---

रायबंदर_चोडण

अर्ज घेतो.

प्रत्येक खान्याला खरा लेबल टॅग, त्याचा फॉर गुणधर्म खान्याच्या आयडीशी जुळलेला. खान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेलं 'आपले नाव' हे लेबल नव्हे, पहिलं अक्षर टाइप केलं की ते गायब होतं आणि वयस्कर सभासद थांबतो, इथे काय हवं होतं म्हणून.

फोन नंबर आणि पिनकोडला टाइप-नंबर देऊ नका. तो खाना इंग्रजी '98' घेतो, देवनागरी '९८' घेत नाही, आणि सर्व्हरकडे रिकामा जातो. माणूस मराठी कळफलकावर असेल तर हे हमखास घडतं. फोनला टाइप-टेल, पिनकोडला टाइप-टेक्स्ट आणि इनपुटमोड-न्यूमरिक. देवनागरी आकडे आले तर सर्व्हरवर बदलून घ्या, माणसाला परत पाठवू नका. ऑटोकम्प्लीटमध्ये नेम, टेल, पोस्टल-कोड लिहिलं की फोन स्वतः भरून देतो. हात थरथरणाऱ्याला याची किंमत कळते.

चूक झाली की नुसती लाल चौकट नको. खान्याखाली शब्दांत लिहा, 'फोन नंबर १० आकडी हवा, ९ आकडे आले आहेत', आणि एरिया-डिस्क्राइब्डबायनं तो मजकूर खान्याला बांधा. भरलेली माहिती पुसू नका. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा काढा. एक लपवलेला खाना ठेवा, तो भरून आला तर अर्ज यंत्राचा. मात्र तो एरिया-हिडनही करा आणि टॅबच्या क्रमातून काढा, नाहीतर दृष्टिहीन सभासद तो इमानदारीनं भरेल आणि तुम्ही त्याचाच अर्ज फेकाल.

बटण हवं तिथे बटण टॅग. डिव्हवर क्लिक लावलं की माउस चालतो, कळफलक नाही. आउटलाइन-नन लिहिलेली ओळ शोधून उडवा, कळफलकानं फिरताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट ती लपवते. बोट लावायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, हे डब्ल्यूसीएजी २.२ या सुगमता-निकषांचं माप, पण फोनवर ४४ ठेवलंत तर कोणी शिव्या देणार नाही.

तपासणी अशी करा. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर, स्पेसनं अर्ज पूर्ण भरून पाठवा. मग १२८० रुंदीच्या खिडकीत ब्राउझर ४०० टक्के मोठा करा. आडवं सरकवायला लागलं तर मांडणी चुकली. मग एनव्हीडीएत एच कळ दाबत जा, ती मथळ्या-मथळ्यावर उडी मारते. इन्सर्ट-एफ७ नं दुव्यांची यादी काढा: त्यात 'इथे क्लिक करा' बारा वेळा दिसलं तर बारा दुवे पुन्हा लिहा. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक चालू-बंद होतो, तो शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो. बंद कसा करायचा ते आधी शिकून घ्या, नाहीतर फोन ऐकत नाही म्हणून घाम फुटतो.

क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणी-साधनाचे १०० गुण मिळाले म्हणून थांबू नका. आल्ट आहे की नाही ते त्याला कळतं, आल्टमध्ये 'फोटो १' लिहिलंय ते कळत नाही. वेगासाठी मात्र तो उपयोगी: मोबाईल चाचणीत तो १.६ एमबीपीएस, १५० मिलिसेकंदांचा फेरा आणि चौपट मंद प्रोसेसर धरतो, म्हणजे सांग्याच्या जवळपास. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, मजकुराची घसरण ०.१च्या आत, एवढं साधा.

---

मानशी

बटणाबद्दल समितीला असं सांगा. ते बटण म्हणजे बाहेरून येणारी स्क्रिप्ट. ती खालच्या कृतीदेवचं युनिकोड करत नाही, पोस्टरमधला मजकूर ठरवून लिहीत नाही, लेबल नसलेल्या खान्याला खात्रीनं बरोबर नाव देत नाही. अक्षर मोठं करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आहेच. एनव्हीडीए वापरणाऱ्याकडे स्वतःचं साधन आहे, त्याच्यात तुमचं बटण लुडबुड करतं. वर प्रत्येक पानाला वजन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५मध्ये असलं बटण विकणाऱ्या एका कंपनीला 'कुठलंही संकेतस्थळ आपोआप सुगम होतं' या जाहिरातीपायी १० लाख डॉलर भरायला लावले. समितीत हिशेबी माणूस असेलच, त्याला हे सांगा.

कायद्याचा विषय निघाला तर: दिव्यांगजन हक्क कायदा २०१६चा, त्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हे घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. खटला बँकांच्या केवायसीचा होता, वाचनालयाचा नव्हे, पण दिशा कळते.

पीडीएफ: जुने अहवाल ३०० डीपीआयनं स्कॅन करून, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला 'एमएआर' भाषा देऊन ओळखून घ्या. जोडाक्षरांत आणि कोष्टकांत चुका राहतात, आकडे हातानं तपासा. नवे अहवाल साध्या पानावरच लिहा. पीडीएफ लागलीच तर लिब्रेऑफिसमधून टॅग्ड पर्याय (मथळे, परिच्छेद यांच्या खुणा राखणारा) लावून काढा, मग त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसली नाही तर स्क्रीन रीडरलाही दिसणार नाही. दुव्यात आकार लिहा: 'वार्षिक अहवाल २०२३-२४, पीडीएफ, १.२ एमबी'. डेटा मोजून वापरणारा ठरवेल उतरवायचा की नाही.

---

फाँटांचा_नाद

कोंकणीसाठी लँग 'केओके'. रोमीला त्यापुढे डॅश देऊन 'लॅटएन' हा लिपीचा संकेत. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता, एकाच पानावर जावास्क्रिप्टनं मजकूर बदलणं नको, दुवा पाठवला की समोरच्याला भलतीच भाषा उघडते. भाषा निवडायला झेंडे तर नकोच, मराठी आणि कोंकणीला कुठला झेंडा लावणार? प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, आणि त्या दुव्यावर तिचा लँग.

अर्धवट भाषांतर झालेल्या कोंकणी पानावर मराठी परिच्छेद राहिला तर त्या परिच्छेदावर 'एमआर' लावा. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत, आवाज यंत्रासारखा असला तरी. फोनवर कोंकणी आवाज नसेल तर देवनागरी कोंकणी मराठी आवाजातून कामचलाऊ ऐकू येते. म्हणून काही जण मुद्दाम कोंकणी पानावर 'एमआर' लिहितात. करू नका, उद्या आवाज आला की तेच पान चुकीचं बोलेल. रोमी मजकूर यंत्रानं लिप्यंतर करून बनवू नका, रोमीची आपली लेखनपद्धत आहे, ती लिहिणाऱ्याकडूनच लिहून घ्या.

---

अंत्रुज_वाचक

चवथीआधी सगळं होणार नाही. फिरते फोटो, कृतीदेव आणि अर्ज आधी घेतो. रोमी नंतर. एकच शंका: शोधरूपाचा रकाना नवीन पुस्तक नोंदवताना ग्रंथपालानं भरायचा का?

---

खाजन_बांध

नाही, त्यांना तो दिसताच कामा नये. नोंद साठवताना सर्व्हरनं तोच कोड चालवून भरायचा, जो शोधाच्या शब्दाला लावता. नियम दोन ठिकाणी लिहिलेत तर महिन्याभरात दोघांत फरक पडतो आणि फक्त नवीन पुस्तकं सापडेनाशी होतात. नियम बदलला की अख्खा रकाना पुन्हा भरून घ्या. नऊ हजार ओळींना काही सेकंद लागतील.